इराबत्ती मॅडमचे सण

जून संपत आला की आमच्या विद्यापीठात वर्षभराच्या कार्यक्रमांचं परिपत्रक निघतं. वृक्षारोपणापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळं त्यात असतं, मध्ये जयंत्या, पंधरवडे, सप्ताह. विद्यार्थी त्यात सुट्ट्या शोधतात. आम्ही शिक्षक रविवारला जोडून काय येतंय ते बघतो. इराबत्ती मॅडम तो कागद डोळ्यांपासून लांब धरून शेवटपर्यंत वाचायच्या, टेबलाच्या काचेखाली सरकवायच्या आणि म्हणायच्या, “संपलं बघ वर्ष.”

वर्ष तर अजून सुरूही झालेलं नसायचं.

सुलोचना इराबत्ती शिकवायच्या रसायनशास्त्र. सांस्कृतिक विभाग त्यांच्या गळ्यात पडला तो एका मीटिंगमध्ये. आधीचे समन्वयक निवृत्त झाले होते आणि टेबलाभोवतीची सगळी पुरुष मंडळी एकदम आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागली होती. कुलसचिव म्हणाले, “मॅडम, तुम्ही बघा. एकच वर्ष.” मॅडम म्हणाल्या, “सर, मला गाण्यातलं काही कळत नाही.” तर ते म्हणाले, “गायचं कुठंय? नुसतं करायचंय.”

ते एक वर्ष मी नोकरीला लागायच्या आधी सुरू झालं होतं आणि मॅडम निवृत्त होईपर्यंत संपलं नाही.

मी मराठी विभागात तासिका तत्त्वावर. आवाज बरा आहे म्हणून पहिल्याच महिन्यात निवेदनाचं काम माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला स्टेजच्या डाव्या विंगेत आम्ही दोघी. मी माइकचा कागद घेऊन, त्या पर्स घेऊन. ठेंगण्या, अंगानं जड, गुडघे दुखायचे म्हणून पाय जरा फाकवून उभ्या राहायच्या. सुती साडी, खांद्यावर पदराला पिन. पर्समध्ये सेफ्टी पिनांचा डबा, सुई-दोरा, लिमलेटच्या गोळ्या, डोकेदुखीच्या गोळ्या, चिकटपट्टी. नाचणाऱ्या मुलीची नऊवारी सुटली, गणपतीतल्या नाटकात कुणाची मिशी निघाली, की सगळे त्या पर्सकडे धावायचे. “ह्या पर्समध्ये माझं स्वतःचं काहीच नाही बघ,” एकदा लिमलेट शोधता शोधता त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती ती. नुसतंच लक्षात आल्यासारखं म्हणाल्या.

गाण्यातलं कळत नाही हे अगदी खरं होतं. टाळ्या वाजवायच्या त्यासुद्धा ठेक्याच्या बाहेर. पण तालमीला मुलांना त्याच हव्या असायच्या. तालमीला त्या प्रॅक्टिकल म्हणायच्या. वाक्य विसरून रडकुंडीला आलेल्या पोराला सांगायच्या, “परत कर. पहिल्या खेपेला कुणाचंच उत्तर बरोबर येत नाही.” कार्यक्रम कसा झाला असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “कुणी चक्कर येऊन पडलं नाही.” नाच कसा झाला, गाणं कसं झालं, ह्यावर त्यांनी कधीच मत दिलं नाही. मी एकदा खूप चिडले होते, माइक ऐन वेळी बंद पडला म्हणून. तेव्हा म्हणाल्या, “कार्यक्रम होतोच गं. तो कधी व्हायचा राहिलाय? माणसं दमतात, त्यांच्याकडे बघत जा.”

एका स्नेहसंमेलनाच्या उद्घाटनाला शहरातले एक मोठे पाहुणे यायचे होते. सोलापूरचा उन्हाळा फेब्रुवारीतच दारात येऊन उभा राहतो, आणि आमचं सभागृह म्हणजे पत्र्याखालची भट्टी. स्वागतगीताच्या मुली सकाळपासून काठापदराच्या साड्या नेसून, गजरे माळून उभ्या. पाहुणे “निघालेत”, मग “वाटेत आहेत”, मग “नवी पेठेत एका दुकानाचं उद्घाटन तेवढं करून येतात” असं होत होत दुपार टळायला आली. साड्या चुरगळतील म्हणून मुलींना कुणी बसूही देत नव्हतं. त्यातली एक भिंतीला टेकली आणि तशीच खाली घसरली.

मॅडमनी तिला पाणी पाजलं, तोंडात गोळी दिली. मग माझ्या हातातला माइक घेतला. निवेदन करताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “सगळ्यांनी मेसमध्ये जाऊन जेवून या. सावकाश जेवा.”

पाच मिनिटांत सभागृह रिकामं. आणि त्यानंतर थोड्याच वेळात पाहुणे आले. मागे कुलगुरू, कुलसचिव, फोटोग्राफर. दारात रांगोळी, समई तयार, आणि आत आम्ही दोघी.

“विद्यार्थी कुठायत?” कुलसचिवांचा आवाज चिरका झाला होता.

“जेवायला गेलेत. येतील की,” मॅडम म्हणाल्या. मग पाहुण्यांकडे वळून, “बसा सर. तुम्ही पण दमला असाल. चहा सांगते.”

पाहुणे बसले. काय करतात बिचारे? रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून त्यांनी चहा घेतला, आणि मग स्वतःच हसायला लागले. उद्घाटन झालं, भाषण झालं, उलट नेहमीपेक्षा आटोपशीर झालं. पण मॅडमना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एका ओळीचा दिला: मुलींना भूक लागली होती. कार्यालयानं सविस्तर खुलासा मागितला, तर त्यांनी लिहिलं: मुलींना फार भूक लागली होती.

पुढं त्या प्रकरणाचं काही झालं नाही.

मॅडमचं घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. पुढच्या शेडमध्ये टॉवेलचे दोन माग, मागे राहायच्या खोल्या. यजमान माग चालवायचे. धंदा बसला तशी मागांवर प्लास्टिक आलं. घरात ते दोघं आणि सासूबाई. मुलगा शिकायला म्हणून हैदराबादला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. विद्यापीठातल्या सणांपायी घरचा एक सण धड होत नाही, असं यजमान आल्यागेल्याला सांगायचे. ते खोटंही नव्हतं. नवरात्रात युवा महोत्सवाच्या तालमी, संक्रांतीला स्नेहसंमेलनाची गडबड. गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर लोटतं, तेव्हा मॅडम पोशाखवाल्याच्या दुकानात फेटे मोजून घेत बसलेल्या. राहता राहिली दिवाळी. विद्यापीठाला सुट्टी, वसतिगृहं बंद, म्हणजे ती तरी त्यांची स्वतःची.

ती कशी गेली ते मला अश्विनीनं सांगितलं. अश्विनी बंडगर, सांगोल्याकडची, भूगोलाला होती. एका वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी आकाशकंदील स्पर्धा होती. बक्षिसं झाली, पोरं पांगली, मॅडम सवयीप्रमाणे सभागृहातले पंखे-दिवे बंद करून बाहेर आल्या, तर पायरीवर ही बॅग घेऊन बसलेली. ऊन उतरलं होतं. वसतिगृहाला कुलूप लागलेलं.

“एसटी चुकली का?”

“न्हाय मॅडम.”

“मग बसलीस कशाला हितं?”

अश्विनीनं बॅग जवळ ओढली. मग म्हणाली, “घरला कुलूप हाय. आई-आप्पा मेंढरं घिऊन घाटाखाली गेल्यात. दर साली जात्यात. आजी हुती तवर मी घरला जायाची.”

“मेंढरं कुठं आहेत आता?”

“फोन लागल्याबिगर कळत न्हाय की.”

मॅडमनी तिला स्कूटीवर मागे बसवलं. बॅग पुढे, पायांत. घरी पोचल्यावर सासूबाईंनी अंधारल्या स्वयंपाकघरातून विचारलं, “एवरु ई पिल्ला?” कोण गं ही पोरगी, असं. मॅडम चप्पल काढत म्हणाल्या, “मना पिल्ला.” आपलीच. आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. अश्विनीला तेलुगू येत नव्हतं, पण एवढं तिला कळलं.

नरकचतुर्दशीला सासूबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फोन लागला. पलीकडे वारा आणि मेंढरांचा गलका. बापानं विचारलं, “कुणाच्या घरात हाईस?” मग, “जेवलीस का?” मग म्हणाला, बाईंना फोन दे. मॅडमनी फोन घेतला. विचारलं, “तुम्ही केली का दिवाळी?”

तो हसला. म्हणाला, “मेंढरांला कसली वो सुट्टी, बाई.”

फोन ठेवल्यावर मॅडम यजमानांना म्हणाल्या, “बघा. ह्यांना पण नाही.”

पुढच्या दिवाळीत अश्विनीबरोबर आणखी तीन-चार जणी आल्या. एकीची आई वारलेली आणि बापानं दुसरं घर केलेलं. एक लांबची, नांदेडकडची, भाड्याला पैसे घालवण्यापेक्षा अभ्यास करते म्हणणारी. एकीनं कारण सांगितलंच नाही, मॅडमनी विचारलंही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी घर पुरेना. मुली मागाच्या शेडमध्ये झोपायच्या, प्लास्टिक घातलेल्या दोन मागांच्या मधल्या बोळात सतरंज्या टाकून. यजमान म्हणायचे, “सणाला बायको घरात दिसत नाही म्हणून ओरडत होतो, तर आता हॉस्टेलच घरी घेऊन आली.” पण शेंगापोळीचे दाणे तेच भाजायचे, आणि करपले की मुलींवर ढकलायचे.

मॅडम दर दिवाळीच्या आधी कुलसचिवांकडे जायच्या. सुट्टीत वसतिगृहाचा एक मजला आणि मेस चालू ठेवा, एवढंच मागणं. उत्तरंही दर वर्षीची तीच. मेसवाला गावाला जातो. रेक्टर रजेवर. सुरक्षेचा प्रश्न. मॅडम “बरं” म्हणून उठायच्या आणि येताना मेनरोडवरून रवा-मैदा घेऊन घरी जायच्या. चार दिवस स्वयंपाक, धुणी, तेल, पाणी. दिवाळीनंतर कॉलेज उघडायचं तेव्हा आम्ही सगळे ताजेतवाने आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं. कुणी तरी हटकून विचारायचं, “काय मॅडम, झाली का दिवाळी?” त्या म्हणायच्या, “झाली. कुणी चक्कर येऊन पडलं नाही.”

मग ते वर्ष आलं. युवा महोत्सवाचं यजमानपद आमच्याकडे होतं. जिल्ह्यातली सगळी महाविद्यालयं, तीन रंगमंच, शेकडो मुलांची राहायची-जेवायची सोय. मॅडम दोन महिने त्यातच होत्या. महोत्सव चार दिवसांवर आला आणि सकाळी चहा पिता पिता यजमानांच्या हातातली बशी पडली. उजवी बाजू गेली. वाचा गेली. मॅडम दवाखान्यात बसल्या त्या बसल्याच.

आमच्याकडे पहिला दिवस नुसती धावपळ. फोन करावा तर कुठल्या तोंडानं? मग भौतिकशास्त्रातल्या जगताप सरांनी सूत्रं घेतली. तरुण माणूस, उत्साही, व्हॉट्सॲपवर ग्रुप केले, कामं वाटली. महोत्सव झाला. जेवण एक दिवस कमी पडलं, एक निकाल चुकीचा जाहीर झाला, पण झाला. कुलगुरूंनी समारोपात जगताप सरांचं कौतुक केलं आणि मॅडमच्या घरच्या परिस्थितीबद्दल दोन चांगले शब्द बोलले.

मॅडम पंधरा दिवसांनी कामावर आल्या. वाळल्या होत्या. स्टाफरूममध्ये जगताप सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि अगदी मनापासून, त्यांना बरं वाटावं म्हणून, सांगायला लागले, “मॅडम, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमच्यावाचून काही म्हणजे काही अडलं नाही.”

“नाही ना अडलं?”

“अजिबात नाही!”

“बरं झालं,” मॅडम म्हणाल्या. थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसल्या. “हे म्हणायचेच घरी. तुझ्यावाचून काय अडतंय का तिथं, एक दिवस राहा की घरी. मी म्हणायचे, अडतं.” आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, “आता ते बोलत नाहीत.”

 जगताप सर म्हणजे चांगला माणूस, त्यांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. मॅडमनी डबा उघडला आणि त्यातली शेंगाचटणी त्यांच्याच पुढे केली. “घ्या. तुम्हीही दमला असाल.”

दोन आठवड्यांवर दिवाळी होती. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं, सासूबाई थकलेल्या, शेडमध्ये नर्सिंगची खाट आणि ऑक्सिजनचं यंत्र. मुलींना कळलं होतं. त्या आपसात म्हणत होत्या की बघू, कुणाच्या तरी खोलीवर राहू. अश्विनी तोवर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, “मॅडमला कुणी काय बोलायचं न्हाय.” पण मॅडमना सांगावं लागलंच नाही.

त्या एका सकाळी कुलसचिवांच्या केबिनबाहेर जाऊन बसल्या. निवेदन नाही, अर्ज नाही. शिपायानं दोनदा सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसल्या. जेवायच्या सुट्टीत मी त्यांना बघायला गेले, तेव्हाही तिथंच. चार वाजता साहेबांनी आत बोलावलं, आणि मी जवळच होते म्हणून मलाही मॅडमनी हातानं आत ओढलं.

“बोला मॅडम. दिवाळीचंच ना? तुम्हाला माहितीये आपल्या अडचणी…”

“सर, मी दमलेय,” मॅडम म्हणाल्या.

एवढं वाक्य त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतरांच्या दमण्याबद्दल त्या रोज बोलायच्या.

“इतकी वर्षं मी त्यांना घरी नेलं. यंदा माझ्या घरात जागा नाही आणि अंगात बळ पण नाही. पोरी नऊ-दहा आहेत. एक तर तुम्ही अधिकारी लोक एकेक पोरगी घरी न्या. मी उद्या आणून सोडते. नाही तर मेस चालू ठेवा.”

कुलसचिव काही तरी जबाबदारीबद्दल बोलले. रात्री कुणी बाई प्राध्यापक मुक्कामाला राहणार असेल तरच विचार करता येईल, म्हणाले. बहुधा त्यांना वाटलं, इथं विषय संपेल. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणाले, एक रात्र मी राहीन. बाहेर आल्यावर ग्रंथालयातल्या दोघी आणि गणिताच्या पाटील मॅडम, असे मिळून चार दिवस भरले. मेसवाल्याच्या धाकट्या भावाला अश्विनीनं गाठलं.

ती दिवाळी फार काही छान झाली असं नाही. भल्या मोठ्या इमारतीत एका मजल्यावर दिवे. मुली मोबाईल बघत बसायच्या. खिचडी, आमटी, पुन्हा खिचडी. फराळ कुठून तरी आला तो मऊ पडलेला. पाडव्याच्या सकाळी मॅडम अर्धा तास येऊन गेल्या. सगळ्यांबरोबर ताटावर बसल्या, खिचडी खाल्ली, मीठ जास्त झालंय म्हणाल्या. एका मुलीच्या ब्लाउजची बाही उसवली होती ती टाचून दिली. रिक्षा थांबवून ठेवली होती, औषधाची वेळ झाली होती, गेल्या.

सुट्टी संपल्यावर पेपरात बातमी आली. सणासुदीला घरी जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी विद्यापीठाचा अभिनव उपक्रम. खाली कुलगुरूंचा, कुलसचिवांचा फोटो. मॅडमचं नाव कुठंच नाही. मी तावातावानं पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी लांब धरून वाचला, घडी करून मला परत दिला.

“फार बरं झालं,” म्हणाल्या. “आता त्यांना बंद करता येणार नाही.”

खरंच आलं नाही. पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात ‘वसतिगृह दिवाळी’ अशी रीतसर ओळ छापून आली, गणपती आणि नाताळ ह्यांच्या मध्ये.

त्याच सुमाराला मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ सांस्कृतिक विभागानं करायचा, आणि विभाग म्हणजे आजवर त्याच. त्यामुळे शाल कुठून आणायची हे कुणालाच माहीत नव्हतं. जगताप सरांनी शेवटी त्यांनाच फोन केला. “नवी पेठेत कोपऱ्यावरच्या दुकानात जा. माझं नाव सांगा, बरोबर देईल,” त्या म्हणाल्या. “रंग फिका घ्या. गडद रंगाचा फोटो चांगला येत नाही.” समारंभात त्यांना बोलायचा आग्रह झाला. उठल्या, माइक धरला, म्हणाल्या, “मला ह्यातलं काही येत नव्हतं. अजूनही येत नाही.” आणि बसल्या. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला थांबल्यात.

गेल्या वसंतात मुलगा येऊन तिघांनाही हैदराबादला घेऊन गेला. तिथं फिजिओथेरपी चांगली आहे म्हणतात. त्याआधीच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी त्यांना शेवटचं बघितलं, म्हणजे बघितलं एवढंच.

वसतिगृहातल्या मुलींनी त्यांच्यासाठी चकल्या केल्या होत्या, तो डबा पोचवायला गेले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. सगळी गल्ली जागी. दारादारात रांगोळ्या, पोरं लवंगी माळा सोडून सोडून वाजवत होती. मॅडमच्या दारात मात्र रांगोळी नव्हती. दार उघडं होतं. शेडमध्ये खिडकीजवळ यजमान चाकाच्या खुर्चीत बसलेले, अंघोळ घातलेली, कपाळाला गंध. आणि पलीकडच्या खाटेवर मॅडम झोपलेल्या. कुशीवर, हात गालाखाली, पाय पोटाशी घेऊन. पदराची पिन काढलेली. बाहेर सुतळी बॉम्ब वाजला, खिडकीची तावदानं थरथरली, तरी त्या हलल्या नाहीत.

मी डबा हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले. हाक मारावी की नको असं करत तोंड उघडलं, तेवढ्यात यजमानांनी डावा हात वर केला. त्यांची वाचा थोडीशी परत आली होती, पण एकेक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा यायचा. त्यांना घाई नव्हती. मीही थांबले.

“उठवू… नको,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, “सणाचा… दिवस आहे.”